अविवाहितच्या चौकोनातली माझी खूण

आमच्या पाड्यावर बी.ए. झालेली मी पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणारच. बाबांनी प्रमाणपत्र तलासरीहून लॅमिनेट करून आणलं. कुडाच्या भिंतीत खिळा ठरत नाही म्हणून ते सुतळीनं मेढीला बांधलं. घरी कोणी आलं की आधी ते दाखवतात, मग पाणी विचारतात.

नोकरीही लवकर लागली. हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या मागे दोन खोल्यांचं एक केंद्र आहे. नशेची सुई घेणाऱ्यांसाठी एक संस्था ते चालवते. मी तिथे समुपदेशक. नवी सुई द्यायची, वापरलेली डब्यात परत घ्यायची, रक्त तपासायचं. जो तयार असेल त्याला जिभेखाली विरघळणारी गोळी रोज समोर बसवून द्यायची, म्हणजे सुईची तलफ आवरते. आई म्हणाली होती, "एवढं शिकून गर्दुल्ल्यांच्यात बसणार?" मी म्हटलं, "शिकले म्हणूनच बसवलं. न शिकलेल्यांना ते बसवत नाहीत." तिला ते पटलं नाही.

माझ्या जोडीला एक मामा होते. नात्यानं कोणी नव्हे, पण केंद्रात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. गुजरातच्या सीमेवरच्या झाईकडचे, पन्नाशी उलटलेले. एकेकाळी ट्रक चालवायचे आणि सुईही घ्यायचे. सुटून पुष्कळ वर्षं झाली होती. कोण कुठल्या ढाब्यामागे, कुठल्या पुलाखाली बसतो ते त्यांना ठाऊक. मी लिहायची, ते शोधून आणायचे. मला ते "बीए मॅडम" म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला चांगलं कळत होतं.

दिवाळीनंतर मामांनी एकाला आणलं. पंचविशीचा, आमच्या पाड्यापासून दोन टेकड्या पलीकडचा. गुजरातच्या बंदरांवर बोटीवर खलाशी म्हणून जायचा. आमच्याकडचे पुष्कळ जातात. तिथे कोणाच्या तरी नादानं सुई लागली, आणि ते कळल्यावर तांडेलानं बोटीवरून उतरवलं. आता मिळेल ते काम करत होता.

मी फॉर्म काढला. नाव, वय, सुई कधीपासून, दिवसातून किती वेळा. मग प्रश्न आला.

"लग्न झालं का?"

"नाय."

‘अविवाहित’च्या चौकोनात मी खूण केली. त्या चौकोनापुढे बाण होता. बाण म्हणायचा की पुढचं पान सोडून द्या. त्या पानावर सगळे जोडीदाराचे प्रश्न होते. कोणाशी संबंध येतो, निरोध वापरता का, लघवीच्या जागी कधी फोड-जखम झाली का, जोडीदार गरोदर आहे का. बाणानं सांगितलं, मी पान उलटलं. माझे फॉर्म नेहमी स्वच्छ असत, खाडाखोड नाही. वरून येणारे साहेब बाकीच्यांना माझे फॉर्म दाखवायचे.

त्याचं रक्त तपासलं. एचआयव्ही नाही, कावीळही नाही. सिफिलिसची तपासणी त्या सोडलेल्या पानाला जोडलेली, म्हणून ती झालीच नाही. मी त्याला म्हटलं, "रिपोर्ट चांगला आहे. नवी सुई वापरत राहा, गोळीचं मनावर घे." तो खूश होऊन गेला. चांगला म्हणजे सगळंच चांगलं, असंच कोणीही समजेल. मीही तसंच समजत होते.

होळी झाली. एका सकाळी तो सुयांचं पाकीट घ्यायला आला. पाकिटासाठी हात पुढे केला, तेव्हा तळव्यावर तांबूस डाग दिसले. खाजवलेले नाहीत, चिघळलेले नाहीत, नुसतेच डाग.

"हे काय रे?"

"मिठाचं हाय, ताई. जाळं ओढून ओढून होतं असं."

"बोट सोडून तुला चार महिने झाले."

"जुनं मीठ."

मामा दारात बिडी विझवत होते. ते आत आले आणि म्हणाले, "चप्पल काढ." त्यानं काढली. तळपायांवरही तसेच डाग. मामा म्हणाले, "जाळं पायानं ओढायचास काय?"

त्याला हसू आलं. मला नाही आलं. प्रशिक्षणात दाखवलेलं चित्र मला आठवलं. त्याच दिवशी बोटातून थेंबभर रक्त घेऊन सिफिलिसची तपासणी केली. आमच्याकडची जुनी माणसं त्याला गरमी म्हणतात. पट्टीवर रेघ उमटली.

मी त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटलं. सांगितलं की हा संबंधांतून पसरणारा आजार आहे. फोड येतो, दुखत नाही, आपोआप बरा होतो, आणि आजार मात्र आत राहतो. औषध आहे, पूर्ण बरा होतो. मग विचारलं, "कोणाकोणाशी संबंध आला, ते सांगशील?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला. "बंदरावर एक-दोनदा. सुई घेतल्यावर शुद्ध कुठं असते? बाकी घरवालीच."

"घरवाली?"

"हां."

"तू तर लग्न नाही झालं म्हणालास."

"मग नायच झालं ना. तीन वर्षं राहते माझ्याकडं. आता सहावा महिना हाय तिला."



आता हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. आमच्या पाड्यांवर दोघं एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान हलवली की मुलगी राहायला येते. चूल एक होते, मुलं होतात. लग्न मागाहून. जेवणावळ, ताडी, वाजंत्री, लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी, एवढं सगळं जमेल तेव्हा. कोणाला दोन वर्षं लागतात, कोणाला पंधरा. माझ्याच आईबापांचं लग्न मी सहा वर्षांची असताना लागलं. त्या लग्नात मी पिवळा फ्रॉक घालून दोघांच्या मध्ये बसले होते, हळद मलाही लागली होती. फोटो आहे.

डहाणूला कॉलेजात असताना तो फोटो एका मैत्रिणीनं पाहिला. ती बोर्डीकडच्या चिकूवाडीवाल्यांची मुलगी. तिनं सहज विचारलं, "ही मधली छोटी कोण गं?" मी म्हटलं, "मावशीची मुलगी." तेव्हापासून तो फोटो मी कोणाला दाखवला नाही.

म्हणून सांगते, चूक फॉर्मची होती तेवढीच माझीही होती. शहरात छापलेल्या फॉर्मला आमचं लग्न कसं लागतं ते कसं कळावं? मला कळत होतं. "लग्न नाही झालं, पण घरी कोण आहे?" एवढं विचारायचं होतं. ते विचारलं की आपण कुठल्या ते उघडं पडतं, म्हणून मी खुर्चीवर नीट बसून बाणाचं ऐकलं. आणि त्या चार महिन्यांत ती बाई दुसऱ्या महिन्यावरून सहाव्या महिन्याला आली.

मामांनी माझा चेहरा पाहिला. एरवी सोडलं नसतं, त्या दिवशी चहा मागवला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साफ सांगितलं. पेनिसिलीनची इंजेक्शनं दोघांनाही, तीन आठवडे, आठवड्यातून एकदा. तिची जितकी लवकर होतील तितकं पोटातलं मूल वाचायची खात्री जास्त. उशीर झाला तर मूल पोटातच जाऊ शकतं, किंवा आजार घेऊन जन्माला येतं. ती हिवाळाभर वीटभट्टीवर होती, म्हणून तिची ना नोंदणी झाली होती, ना कुठली तपासणी.

केंद्रावर परत आल्यावर तो म्हणाला, "ताई, तिला सांगा शासनाची लस हाय. गरोदर बायांची."

मामा म्हणाले, "सांगून टाक गं पोरी. पोर वाचल्याशी मतलब."

मलाही एक क्षण वाटलं, किती सोपं. मग मी म्हटलं, "लस म्हटलं तर पहिली घेईल. ती इतकी दुखते की दुसरीला कोण येतंय? आणि रक्त तिचं, पोट तिचं. तिला कळायला नको?"

"मग तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"मी बरोबर येते. सांगायचं तू."

"ती मारेल मला."

"मारू दे," मामा म्हणाले. "आम्ही हायत."

ती तेव्हा झाईच्या अलीकडे एका वाडीत चिकू निवडायला जायची. आम्ही पोचलो तेव्हा मांडवाखाली पाय पसरून बसली होती, पोटापुढे चिकूंची रास. मोठे एका खोक्यात, बारके दुसऱ्यात, हात थांबत नव्हते. बारीक चणीची, कपाळावर गोंदण. मी तिला पाण्याच्या हौदाकडे बोलावलं. हातातला चिकू खोक्यात टाकायचा राहिला, तो तसाच घेऊन आली.

त्यानं जमिनीकडे बघत एका दमात सांगून टाकलं. "मला गरमी झालीय. बंदरावरनं आणली. तुला पण झाली असंल. सुई घेतली तर पोराला नाय होणार."

तिनं ऐकलं. मग हातातला चिकू त्याला मारला. कच्चा चिकू दगडासारखा असतो. नेम कपाळावर बसला. तो चोळत उभा राहिला, हलला नाही. मांडवातल्या बाया माना वर करून बघू लागल्या, तसं मामा मोठ्यानं म्हणाले, "नवरा-बायकोचं हाय, तुम्ही चिकू बघा."

मग ती माझ्याकडे वळली. आमच्याच बोलीत विचारलं, "बाय, मागचं पण यानंच गेलं का?"

"मागचं म्हणजे?"

"गेल्या पावसात. सातव्या महिन्याला झालं. रडलंच नाय."

हेही त्या सोडलेल्या पानावरच असायला हवं होतं. मी म्हटलं, "असू शकतं. नक्की मला नाही सांगता येत. पण या वेळचं वाचवता येतं. त्याला औषध आहे."

ती हौदाच्या कठड्याला टेकली. पदरानं तोंड पुसलं. "सासू म्हणली, नजर लागली. मी म्हटलं, कोणाची? आमच्याकडं बघायला येतंय कोण?" मग म्हणाली, "कधी घ्यायची?"

"उद्या मंगळवार आहे. उद्याच."

"उद्या येते. ह्याला माझ्या जीपमधे बसवू नका."

मंगळवारी ती आली. आधीच्या जीपनं ती, मागच्या जीपनं तो. तिचंही रक्त तपासलं, रेघ उमटली. इंजेक्शन दोन्ही बाजूंना, एकेक. ती आवाज न करता घेऊन बाहेर आली आणि बाकावर एका कुशीवर बसली. तो मात्र पडद्याआड कुरकुरायला लागला. सिस्टर म्हणाल्या, "अरे, तू रोज स्वतःला टोचतोस ना?"

"ती बारीक असते, सिस्टर."

बाकावरून ती म्हणाली, "त्याला अजून मोठी असंल तर ती द्या." सगळी रांग हसली. तीही हसली, आणि हसल्याचं लक्षात आल्यावर पुन्हा तोंड फिरवून बसली.

दुसरा मंगळवार विवळवेढ्याच्या देवीच्या यात्रेतला. हायवेवर गाड्यांची रीघ, जीपमध्ये नारळाच्या पिशव्या आणि माणसं. मला वाटलं होतं, आज काही येत नाहीत. दोघं आली. जीप अडकली म्हणून शेवटचं अंतर चालत, तो चार पावलं मागे. ती म्हणाली, "देवीला पण जायचं हाय. आधी सुई."

तिसऱ्या मंगळवारी तो एकटाच आला.

"ती कुठे?"

"आयकडं गेली." तिचं माहेर झाईच्या पलीकडे, गुजरातेत. पहिल्या मंगळवारपासून तो रोज गोळी घेत होता, पण दोन दिवस त्यानं ती चुकवली होती आणि पुन्हा सुई घेतली होती. तिनं कोपराजवळचा ताजा डाग पाहिला, दोन लुगडी पिशवीत घातली आणि निघाली. लग्न लागलेलं असतं तर चार माणसं समजूत काढायला गेली असती. इथे कोण जाणार आणि काय म्हणून? ती आपल्या पायानं आली होती, आपल्या पायानं गेली.

डॉक्टर म्हणाले, एक-दोन दिवस मागेपुढे चालेल. त्यापुढे गेलं तर पहिल्यापासून तीन. तिला तर सातवा लागला होता. मी पर्स उचलली. मीच जाणार होते, तिच्या आईला सगळं नीट समजावून सांगणार होते. मामांनी वाट अडवली.

"तू गेलीस तर तिची आय तुला पाणी देईल. पोरगी नाय देणार. याला जाऊ दे."

"याला? हा उद्या शुद्धीत असेल का?"

हे मी त्याच्यासमोर बोलले. बोलायला नको होतं असं आजही वाटतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गोळी द्या." जिभेखाली ठेवून, विरघळेपर्यंत तोंड मिटून बसला. मग आपलं इंजेक्शन घ्यायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घ्यायला पहिला हजर, आणि तिथूनच झाईची बस पकडली.

तिकडे काय झालं ते तिनंच मला पुढे सांगितलं. तिची आई विळा घेऊन अंगणात उभी होती. तो कुंपणाच्या बाहेरच थांबला. आत यायला मागितलं नाही, चुकलं म्हणून गळा काढला नाही. म्हणाला, "मी तुला न्यायला नाय आलो. सुईला न्यायला आलोय. सुई झाली की इथंच आणून सोडतो."

ती म्हणाली, "बाय, माझ्याकडं ये म्हणला असता, तर नसते आले."

दुपारी दवाखान्याच्या फाटकात जीप थांबली. आत ती आणि विळा घरी ठेवून आलेली तिची आई. तो मागच्या पायरीवर लटकलेला, धुळीनं पांढरा. तिसरं इंजेक्शन झालं. त्यानं दोघींना लिंबू सरबत पाजलं, जीपमध्ये बसवलं, स्वतः पायरीवर उभा राहिला आणि बोलल्याप्रमाणे परत सोडून आला. मामा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "लिहा, बीए मॅडम." मी लिहिलं.

त्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहून सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. आईबापांच्या लग्नाचंही सांगितलं, आणि पिवळ्या फ्रॉकचंही. साहेब म्हणाले, "फॉर्म वरून छापून येतो, आपल्याला बदलता येत नाही." मामा म्हणाले, "छापलेलं खोडता तर येतं." तेव्हापासून आम्ही तो बाण पेनानं खोडतो आणि विचारतो, "चूल कोणाबरोबर आहे?" लगेच उत्तर येतं. जुने फॉर्म काढून प्रत्येक ‘अविवाहित’ला मी पुन्हा बोलावलं. कितीतरी जणांच्या घरी चूल निघाली, काहींच्या घरी पाळणाही. सगळ्यांची तपासणी केली, बायकांचीही. माझे फॉर्म आता खाडाखोडीनं भरलेले असतात. साहेब ते कोणाला दाखवत नाहीत.

पाऊस सुरू होता होता तिला मुलगी झाली, माहेरजवळच्या सरकारी दवाखान्यात. तिचे कागद मी आधीच तिकडे पाठवले होते. निरोपाचा फोन त्यानं केला. काय झालं, वजन किती, काही सांगेना. नुसतं म्हणत होता, "रडली, ताई. लई रडली." मुलीचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण काही महिने पुन्हा पुन्हा बघू. दर वेळी ठीकच निघालं.

तो पूर्ण सुटला असं मी लिहिणार नाही. मध्ये एकदा घसरला, दोन आठवडे तोंड दाखवलं नाही, मग आपणच आला. गोळी चालू आहे. सध्या चिंचणीकडे एका बर्फाच्या कारखान्यात कामाला जातो.

ती अजून आईकडेच राहते. पण मुलीला लस द्यायला इकडच्याच दवाखान्यात आणते, वाटेत केंद्रावर थांबते, आणि तो आधीपासून दारात उभा असतो. मागच्या खेपेला मी मुद्दाम विचारलं, "काय गं, लग्न झालं का?"

"कोणाशी?" ती म्हणाली. "ह्याच्याशी? बघू. अजून परीक्षा चालू हाय."

मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "दाखव."

त्यानं बाह्या कोपरावर सारल्या. तिनं एक हात पाहिला, दुसरा पाहिला, नखानं एक जुना डाग घासून बघितला. मग तळवे उलटायला लावले. तळव्यांवर बर्फ उचलून पडलेले घट्टे होते, बाकी काही नव्हतं. तिनं कडेवरची मुलगी काढली आणि त्या तळव्यांवर ठेवली.